परत घेण्यासारखं काही नाही

"केस सोड," अण्णा म्हणाले.

आईनं केस सोडले.

"तिथं नको. खाली बस, वळचणीला. ओटीवर सावली पडते तुझी."

आई उठली. ओटीच्या खाली, पागोळ्यांनी मातीत खड्डे पाडले होते त्या ओळीवर जाऊन बसली. मी तिचा पदर धरून होते. तिसरीत होते मी. अण्णांचं अंगण सारवलेलं, मोठं. आमच्या झोपडीसारख्या चार झोपड्या त्यात मावल्या असत्या. त्या दिवशी ते माणसांनी भरलं होतं. एका बाजूला गाव. दुसऱ्या बाजूला, गोठ्याच्या भिंतीला लागून, आमची वाडी. मध्ये आई.

हे गाव मुरबाड तालुक्यात, म्हसाच्या पुढे. नाव लिहीत नाही. अण्णा गावातले सगळ्यांत मोठे जमीनवाले. आमची कातकरी वाडी ओढ्यापलीकडे, आणि वाडीतले सगळे हात अण्णांच्या शेतावर. आवणी, कापणी, झोडणी. मी पोटात असतानाच माझा बाप गेला होता. आई एकटी. अण्णांच्या सुनेला मुलगी झाली तेव्हा बाळ-बाळंतिणीचं अंग चोळायला त्यांनी आईलाच बोलावलं. मुलीचं नाव पिंकी. आई तिला पायांवर आडवी घेऊन न्हाऊ घालायची, टाळूवर तेल जिरवायची. त्या कामाला आईचे हात चालत होते. ओटीवर तिची सावली चालत नव्हती.

पिंकी दोन वर्षांची झाली आणि तापानं पडली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. अण्णांनी लांबच्या गावाहून भगत आणला.

भगतानं पितळेच्या घंगाळात पाणी घेतलं. शेजारी सुपात भात, टरफलासकट. एक नाव घ्यायचं आणि एक दाणा पाण्यात सोडायचा. दाणा बुडाला तर ते माणूस सुटलं. तरंगला तर त्याच्याच नजरेनं पोर पडलं. नावं अण्णा सांगत होते. सगळी आमच्या वाडीतली. सगळी बायकांची. गावातल्या एकाही घराचं नाव त्या पाण्यावर आलं नाही.

आईच्या नावाचा दाणा तरंगला.

आमच्या भागात पेरणीआधी घराघरात बी पाण्यात टाकतात. भरलेला दाणा तळाला जातो. पोचट दाणा वर येतो, तो काढून कोंबड्यांना टाकतात. अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसानं हे दर वर्षी आपल्या हातांनी केलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. गावानं नाही. वाडीनंही नाही.

अण्णांची बायको, जिला सगळे काकी म्हणायचे, ती पायरीवर आली. तिचा आवाज मऊ होता. मला तो मऊपणाच जास्त आठवतो.

"म्हण ना गो. तुझ्या तोंडचा शब्द तेवढा हवा. पोर बरी होईल."

"काय म्हणू काकी?"

"म्हण, घेतलं परत."

"पन मी काय लावलाच नाय तिला. माझ्या पायांवर वाढली ती."

"लावलं नाय, तर म्हणायला काय जातंय तुझं?"

आईनं पडवीकडे पाहिलं. तिथं सून पिंकीला मांडीवर घेऊन बसली होती. पिंकीची मान एका बाजूला पडली होती. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "घेतलं परत."

"मोठ्यानं," भगत म्हणाला.

"घेतलं परत."

"अजून एकदा. सगळ्यांना ऐकू जाऊदे."

"घेतलं परत."

मग त्यांनी पिंकीचे पाय धुतलेलं पाणी आईला दिलं. प्यायला. आई प्यायली. गर्दीतून कोणीतरी हसलं. "आता बघा, आखाडाच्या अवसेला उडणार नाय ही." बाकीचेही हसले. माझ्या वर्गातला एक मुलगा ओरडला, "भूताळीची पोर!" चेटकिणीची. मी आईच्या मागं लपले. तिचे सुटे केस माझ्या तोंडावर आले. त्यांना खोबरेल तेलाचा वास होता, पिंकीच्या डोक्याला होता तोच.

घरी जाताना आई खूश होती. हे मला सांगायलाच हवं. ती खरंच खूश होती. ओढ्यात तोंड धुताना म्हणाली, "निजली बघ ती. मी म्हणलं आनि निजली. आता उतरंल."

पिंकी त्याच आठवड्यात गेली.

*

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात लिहिते. जास्त लिहिता येत नाही.

आईनं आपल्या तोंडानं कबूल केलं होतं. तीन वेळा, सगळ्यांसमोर. त्यामुळे आता दाण्याचीही गरज राहिली नाही. कोणाची म्हैस आटली, आई. कोणाची बाई अडली, आई. वाडीतल्या बायका विहिरीवर आपल्या कळश्या बाजूला घेऊ लागल्या. माझ्याबरोबर खेळणाऱ्या पोरींना घरात ओढून नेऊ लागले. एके सकाळी दारात फुटक्या बांगड्या आणि टाचण्या टोचलेलं लिंबू होतं. आईनं ते झाडून टाकलं आणि दिवसभर हात धुतले.

मग अण्णांनी वाडीला निरोप पाठवला. ती राहणार असेल तर कापणीला दुसऱ्या वाडीची माणसं आणू.

एवढंच. ते स्वतः आले नाहीत. आईला त्यांनी बोटही लावलं नाही. आमच्याच माणसांनी आमचं घर रिकामं करायला लावलं. वाडीचा पुढारी, म्हातारा नाईक, दारात उभा राहून रडला. म्हणाला, "जा पोरी. आमी तरी काय खाऊ?" मी त्याच्यावर रागावू शकत नाही. प्रयत्न केला, जमत नाही. माझा राग ओढा ओलांडून थेट त्या अंगणात जातो.

आम्ही शहापूर तालुक्यात आलो, तानसाच्या बाजूला, आईच्या चुलत बहिणीच्या पाड्यावर. मी आश्रमशाळेत गेले. आई मिळेल ते काम करायची. पाड्यावर कोणाला काही माहीत नव्हतं. पण आईला माहीत होतं. ती कोणाच्या बाळाकडे बघायची नाही. समोरून कडेवर मूल घेतलेली बाई आली की मान खाली घालायची. कोणी जेवायला वाढ म्हटलं तर म्हणायची, "माझा हात दुखतो."

*

शेणव्याच्या अलीकडे एस्तेरमावशीचं पत्र्याचं घर आहे. मावशी सरकारी दवाखान्यात आया होती, आता निवृत्त. तिच्या पुढच्या खोलीत रविवारी प्रार्थना भरते. ती चालवणारे पाळक मोटरसायकलवरून येतात. दहा-पंधरा माणसं असतात. कोणी वीटभट्टीवरचं, कोणी गोदामात काम करणारं. आईला तापात औषध देताना मावशीनं म्हटलं होतं, रविवारी ये. आई गेली. आत नाही गेली. बाहेर चपला काढतात तिथं बसली. मी सुट्टीवर होते, मीही तिथंच बसले.

मावशी परात घेऊन बाहेर आली.

"हात धू गो. भाकर थाप. मला गुडघ्यांनी खाली बसवत नाय."

"माझ्या हातची?"

"मंग काय पायाची?"

आई हसली नाही. "मावशी, तुला म्हाईत नाय. माझ्या हातचं कोण खात नाय."

"कोण खात नाय ते बघू. पीठ गार होतंय."

ती भाकरी कशासाठी होती हे आईला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन असतं. मोठ्या चर्चमध्ये काय वापरतात ते मी नंतर पाहिलं. इथं तांदळाची भाकरी असते. मावशी म्हणते, प्रभू इथं जेवायला आला असता तर त्याला भाकरीच वाढली असती ना.

आईनं चुलीपुढं बसून भाकरी थापली. पाणी लावून तव्यावर टाकली, उलटली, फुगवली. पाळकांनी ती भाकरी वर धरली, प्रार्थना केली आणि मोडली. तुकडे करून सगळ्यांना दिली. हे माझं शरीर आहे असं समजून खा, असं प्रभू आपल्या शिष्यांना म्हणाला होता, ते त्यांनी सांगितलं.

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती प्रार्थना ऐकत नव्हती. ती एकेकाचं तोंड बघत होती. कोण थुंकतं ते बघत होती.

कोणी थुंकलं नाही.

तो पूर्ण आठवडा आई पाड्यावरून रोज चालत मावशीकडे जायची आणि विचारायची, "कोनाचं पोट बिघडलं का? कोनाच्या पोराला ताप आला का?" मावशी म्हणायची, "नाय गो बाय." पुढच्या महिन्यात पुन्हा भाकरी. पुन्हा आठवडाभर तेच. पावसाळा येऊन गेला, तेव्हा कुठं तिनं विचारणं थांबवलं. त्यानंतर ती आत बसू लागली. तिनं बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांनी मीही घेतला. मला देव तेव्हा कळला नव्हता, अजूनही पूर्ण कळलाय असं म्हणवत नाही. मला फक्त एवढं दिसलं होतं, की एका घरात माझ्या आईच्या हातची भाकरी लोक डोळे मिटून खातात.

मी बारावी झाले. शहापूरला कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरात कॉलेज कोणी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी आईनं मला भाकरी बांधून दिली. म्हणाली, "मैतरणींना दे." तिला ते म्हणताना मी ऐकलं आणि मला वाटलं, सुटली. माझी आई सुटली.

नव्हती सुटली. मागच्या वर्षी ती आजारी पडली. छातीत पाणी झालं होतं. शेवटच्या दिवसांत एका दुपारी तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "मी म्हणले होते ना तोंडानं. म्हणलं म्हंजे झालं का ते? आसल का माझ्यात तसं काय?"

मी म्हटलं, नाही गं.

तिनं मान हलवली. पण तिला पटलं नव्हतं. ते डोळे मी पाहिलेत. त्या पाण्यानं, त्या दाण्यानं, त्या दोन शब्दांनी तिच्या आत घर केलं होतं. देवानं तिला क्षमा केली यावर तिचा विश्वास होता. पण क्षमा कशाची? काही केलंच नव्हतं तिनं.

*

पाळक क्षमेवर फार छान बोलतात. मी मागच्या ओळीत बसून ऐकायचे आणि माझी बोटं आवळली जायची. एका रविवारी मी मावशीला म्हटलं, "मला नाही जमत. अण्णांचं नाव प्रार्थनेत घ्यायला गेले की माझा घसा बंद होतो. मी खोटी ख्रिस्ती आहे."

मावशी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माफ करायचं म्हंजे झालंच नाय असं म्हणायचं नाय. काय झालं ते आधी तोंडानं बोल. ज्यानं केलं त्याच्या तोंडावर बोल. मंग बघ माफ करायचं."

"येशूनं तर गाल पुढं करायला सांगितला."

"सांगितला. पन त्याला धरून नेलं आनि एका शिपायानं थोबाडात मारली, तवा तो काय म्हणला? काय चुकीचं बोललो ते सांग. नायतर मारलंस का? इचारलं त्यानं. गप नाय बसला."

ती गोष्ट मी अनेकदा ऐकली होती. पण हा प्रश्न मी कधी ऐकलाच नव्हता. का मारलंस? देवाच्या मुलानं विचारलेला प्रश्न. माझ्या आईला तो विचारता आला नव्हता. वाडीला आला नव्हता. मला येईल की नाही, ठाऊक नव्हतं. पण तो विचारणं पाप नाही, हे त्या दिवशी मला कळलं.

*

या हिवाळ्यात, म्हसाची जत्रा जवळ आली तेव्हा, कॉलेजच्या गेटसमोर एक मोटरसायकल उभी होती. अण्णांचा मुलगा दिनेश. पिंकीचा बाप. मी त्याला लगेच ओळखलं नाही. तो एका कंपनीत सुपरवायझर आहे, गळ्यात ओळखपत्र होतं. चांगलं बोलला.

"ओळखलंस का? मोठी झालीस. कॉलेज वगैरे, छान."

मी वह्या छातीशी धरल्या.

"माझा मुलगा आरुष. चार वर्षांचा. पंधरवडा झाला, ताप जात नाय. खात नाय काय." त्यानं गेटकडे पाहिलं. "भगताला दाखवलं. तो म्हणतो, जुनंच आहे. आईचं मुलीकडे गेलंय."

ऊन होतं. मुली गेटमधून हसत बाहेर पडत होत्या. 

"मी नाय मानत हे," तो घाईनं म्हणाला. "पण घरात म्हातारी माणसं आहेत. तू फक्त ये. ते दोन शब्द म्हण. गाडीनं नेतो, गाडीनं सोडतो. तुझा टाइम नाय जाणार."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं एकदा. ॲडमिट करा म्हणाला. अण्णा म्हणतात, आधी हे होऊन जाऊदे." मग त्यानं गाडीच्या हँडलवर बोट घासलं आणि आवाज खाली आणला. "नाय आलीस आणि पोराला काय झालं, तर गाव कोणाला विचारेल तुला माहीत आहे. मला थांबवता येणार नाय त्यांना."

मी म्हटलं, उद्या येते. गाडी नको.

मावशीला सांगितलं. पाळकांना फोन केला. ते काळजीत पडले. म्हणाले, "जाऊ नकोस. उगाच त्यांच्या डोळ्यांवर येऊ. आपण इथूनच प्रार्थना करू." त्यांचं खोटं नाही. त्यांच्या मागं पंधरा माणसं आहेत. आमच्या प्रार्थनेकडे आधीच लोक वाकडं बघतात.

मीही डगमगले. मनात सारखं येत होतं, म्हणायला काय जातंय? दोन शब्द. पोर आजारी आहे. आई असती तर काय केलं असतं? आईनं म्हटलं असतं. पुन्हा म्हटलं असतं. तिला पोरं आवडायची.

*

एसटी म्हसाच्या बाजूला वळली तेव्हा रस्त्यानं बैल चालले होते, जत्रेला. शिंगं रंगवलेली. मावशी माझ्याशेजारी बसली होती. मी नको म्हटलं तरी आली. "दवाखान्यात आयुष्य गेलं," म्हणाली, "मला पोर बघूदे."

अंगण तेच होतं. आता अर्ध्यावर फरशी. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर, म्हातारे झालेले, काठी गुडघ्यांत. काकी पायरीवर. भगत तोच. पाणी या वेळी स्टीलच्या टोपात होतं. सूप तेच असावं. माणसं जमली होती, गाव एका बाजूला, वाडी दुसऱ्या. वाडीत मला म्हातारा नाईक दिसला नाही. पडवीत सून बसली होती, मांडीवर मुलगा. त्याची मान एका बाजूला पडली होती.

तेव्हा मला आईनं काय पाहिलं होतं ते दिसलं. माझ्या घशाशी ते शब्द आले. खरंच आले.

"आली का," अण्णा म्हणाले. "बस. वळचणीला. केस सोड."

मी बसले नाही.

"तुझ्या आयनं म्हटलं तसं म्हण. जास्त काय नको."

"मी काही लावलं नाही अण्णा."

काकी म्हणाली, अगदी त्याच मऊ आवाजात, "लावलं नाय गो. पन म्हणायला काय जातंय तुझं? तुझ्या आयनं म्हटलं तर पिंकी निजली होती त्या दिवशी. आमच्या जिवाला बरं वाटलं."

आणि पडवीतून सून बोलली. तिचं बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. "गाडी आली होती त्या दिवशी."

सगळे तिच्याकडे वळले. दिनेश म्हणाला, "तू गप."

"गाडी आली होती. मुरबाडला न्यायला. दारात उभी होती." ती कोणाकडे बघत नव्हती. "हिच्या आईनं म्हटलं आणि ती निजली. अण्णा म्हणाले, उतरलं, गाडी पाठवा परत. मी कपडे भरले होते तिचे पिशवीत."

अण्णांनी काठी दोन्ही हातांनी धरली. 

मला तेव्हा कळलं. आईनं ते शब्द दयेनं म्हटले होते. त्या शब्दांनी पोर निजली, त्या शब्दांनी घर निवांत झालं, आणि त्या शब्दांनी गाडी परत गेली. आईचा शब्द त्यांना हवा होता तो पोरासाठी नव्हता. त्यांना स्वतःला बरं वाटावं म्हणून हवा होता. आता माझा हवा होता. मी म्हटलं असतं तर आजही सगळे घरात गेले असते, निवांत.

  मी कोणी धीट मुलगी नाही. वर्गात प्रश्न विचारतानाही माझी जीभ अडखळते. पण मी अण्णांकडे बघून विचारलं.

"माझ्या आईनं काय केलं होतं, सांगा. आणि केलं नव्हतं तर तिला का मारलंत?"

"तिला कोणी हात लावला नाय," अण्णा म्हणाले.

"मला माहीत आहे. हात लावला असता तर तुम्हीच बाटला नसता का तुमच्या मते? हात न लावता मारलंत. मरताना ती मला विचारत होती, खरंच होतं का माझ्यात तसं काही. तुमच्या नातीला तिनं पायांवर वाढवलं. तुमच्या सुपात पोचट दाणे होते. तुम्ही सगळे शेतकरी आहात. पोचट दाणा तरंगतो, हे तुम्हाला मी सांगायचं?"

भगत उठू लागला. "ही कॉलेजची पोर. मिशनवाल्यांनी भरवलंय."

"भरवलंय," मावशी म्हणाली. "भाकर भरवलीय. हिच्या आयच्या हातची. धडधाकट आहे मी." आणि ती सरळ पडवीत चढली. कोणी अडवायच्या आत तिनं मुलाच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "पोर सुकलंय. आज न्या. आत्ता."

"आधी ती म्हणेल," अण्णा म्हणाले. काठी फरशीवर आपटली. "म्हण."

"नाही म्हणणार."

"पोराला काय झालं तर?"

हाच प्रश्न होता. याच प्रश्नानं आईला बसवलं होतं.  मुलगा बारीक आवाजात कण्हत होता.

"मी म्हटलं तर तुम्ही थांबाल," मी म्हटलं. "म्हणून नाही म्हणणार. मी घेतलं नाही परत. काही उतरलेलं नाही. आता निवांत बसू नका. गाडी काढा."

सून उठली. मूल खांद्यावर टाकलं. दिनेशकडे बघून म्हणाली, "चावी." तो अण्णांकडे बघू लागला. ती पुन्हा म्हणाली, "त्यांच्याकडे बघू नका. चावी." आणि ती अनवाणी पायरी उतरून, आईची वळचणीची जागा ओलांडून, बाहेर चालू लागली. दिनेश मागं धावला.

गाडीचा आवाज ओढ्यापर्यंत ऐकू आला. मग अण्णा म्हणाले, हळू, एवढ्या माणसांत मला एकटीला सांगितल्यासारखं, "पोर परत नाय आलं तर त्या पत्र्याच्या खोलीत कोण राहील ते बघू."

गोठ्याच्या भिंतीजवळ वाडी उभी होती. आम्ही निघालो तेव्हा एक बाई, मला तिचं नाव आठवत नाही, जरा पुढं आली. मला वाटलं काही बोलेल. ती बोलली नाही. पण तिनं आपलं पोर मागं ओढलं नाही.

*

आज शनिवार. आरुष मुरबाडच्या दवाखान्यात आहे, एवढंच कळलंय. सलाईन चालू आहे म्हणतात. तो वाचेल की नाही, मला माहीत नाही. वाचला तर ते म्हणतील, भूताळी घाबरली. नाही वाचला तर ते येतील. मावशीच्या पत्र्यावर परवा दोन दगड पडले. काल एक गाडी पाड्याच्या रस्त्यावर बराच वेळ उभी होती. कोणी उतरलं नाही.

पाळकांनी विचारलं, उद्याची प्रार्थना पुढं ढकलूया का. मी म्हटलं, तुम्ही आला नाहीत तरी मी येईन. उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे.  ते म्हणाले, येतो.

मी अण्णांना क्षमा केली आहे का? लोक विचारतील म्हणून लिहिते. अजून नाही. प्रार्थनेत त्यांचं नाव घेते. घसा आवळतो, तरी घेते. पण आता ते नाव घेताना मी ते अंगण विसरायचा प्रयत्न करत नाही. ते अंगण घेऊनच मी देवासमोर बसते. सुपासकट, पाण्यासकट. आमच्यात साक्ष देतात, प्रभूनं आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगतात. माझी साक्ष मी अजून कधी दिलेली नाही. उद्या देणार आहे. आईचं नाव घेऊन, अण्णांचं नाव घेऊन, गावाचं नाव घेऊन. सोमवारी तेच सगळं पोलीस ठाण्यात सांगणार आहे. यावर कायदा आहे, मी वाचलाय. तिथं माझं ऐकतील की हसतील, माहीत नाही. हसले तर पुन्हा जाईन.

मावशीनं पीठ काढून ठेवलंय. भाकरी मी थापणार. आईनं शिकवली तशी, हातानंच, पाणी लावून. ज्याला खायची त्यानं खावी. ज्याला थुंकायची त्यानं माझ्यासमोर थुंकावी.

मुलगा गेला तर मला रडू येईल. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते आहे. पण त्या अंगणात ते मला पुन्हा उभं करोत, केस ओढून बसवोत, पाणी पुढं करोत, ते शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत. माझ्या आईनं कोणाला काही लावलं नव्हतं. परत घेण्यासारखं आमच्याकडे काही नाही.